अडुसष्ट वर्षांचं पोर

११ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद नंतर. आधी हे सांग, त्या तुझ्या पंचाचं डोकं ठिकाणावर आहे का?

काल त्याचं पाकीट आलं. मला वाटलं, आपल्या टपालानं चालणाऱ्या खेळाची पुढची चाल असेल. पुलाजवळचा गड सोडायचा की लढवायचा, यावर आपल्या तिखटला सभेत मत द्यायचं होतं ना. दुकानात इस्त्री फिरवताना डोक्यात दुसरं काही नव्हतं माझ्या. लढवायचा, असं मी ठरवूनही ठेवलं होतं. पाकीट फोडते तर आत काय? "तिखट अल्पवयीन असल्यामुळे तिला सभेत बसता येणार नाही. तिच्या वतीने तिचा पालक मत देईल."

अल्पवयीन! अडुसष्ट वर्षांची बाई!

तू नर्सच्या शिक्षणाला निघालीस त्याच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपण दोघींनी ती बनवली. आठवतंय ना? बाकीच्यांचा एकेकाचा एकेक गडी, आपला मात्र दोघींत मिळून एक. मारामारी माझी, बोलणं तुझं. कारण काय, तर तू म्हणालीस, "आजी, तू बोललीस तर पहिल्याच दिवशी युद्ध पेटेल." बरं, म्हटलं. माणूस, बुटका की लांबकानी, हे निवडणं माझ्याकडे होतं. मी लांबकानी घेतली. तुझ्या आजोबांची बडबड ऐकून ऐकून माझे कान गेले, खेळात तरी धड असावेत. कानामागून आली म्हणून नाव तिखट. मग वयाचा रकाना आला, तिथे मी माझंच वय घातलं. वय मोठं असलं की चार लोक ऐकून घेतात, असा माझा समज.

आता ऐक. या पोरीनं दोन दरोडेखोर लोळवले. आपल्या टोळीतला तो बुटका दारू पिऊन दरीत पडला, त्याला दोर टाकून वर कोणी ओढला? तिनं. तेव्हा नाही कोणी म्हणालं, बाळ, बाजूला हो, लागेल. मत द्यायची वेळ आली आणि लगेच बाळ झाली? आणि पालक कोण नेमलाय माहीत आहे का? तोच दरीतला बुटका!

बोलणं तुझ्याकडे आहे ना? मग तोंड उघड. पंचाला चांगलं खरमरीत लिही. तो तुमच्याच होस्टेलात राहतो म्हणून भीड धरू नकोस.

आजी


२० जानेवारी

प्रिय आजी,

रागावू नकोस. म्हणजे रागावलीच आहेस, आणखी रागावू नकोस.

पंच मुद्दाम करत नाहीये गं. नियमांचं पुस्तक आहे, त्यात प्रत्येकाचं आयुष्य दिलंय. माणूस अठराव्या वर्षी मोठा होतो, ऐंशीच्या आसपास संपतो. बुटके पन्नाशीला मोठे होतात आणि साडेतीनशे वर्षं जगतात. लांबकाने साडेसातशे वर्षं जगतात, त्यामुळे शंभरी गाठेपर्यंत ते लहानच धरतात. अडुसष्ट वर्षांची लांबकानी म्हणजे आपल्याकडची अकरा-बारा वर्षांची मुलगी. तू वय लिहिलंस तेव्हाच मी बघायला हवं होतं, पण तेव्हा मी तिचे केस रंगवत होते.

सगळे थांबले होते, म्हणून मी आपल्या दोघींच्या वतीने पंचाला हो कळवून टाकलं. बुटका पालक म्हणून वाईट नाही. तिच्यावर माया आहे त्याची. तो बहुतेक गड सोडायच्या बाजूने मत देईल, आणि खरं सांगू, मला तेच बरं वाटतं. उगाच हट्टानं लढायचं आणि त्यात तिखट मेली तर? तिला मागे कुठेतरी सुरक्षित ठेवता येईल. झाडाखालचं घर वगैरे देतील.

इथे माझी आता भाजलेल्यांच्या वॉर्डात पाळी आहे. जेवण बेचव आहे, पण चालतं.

हाताला मलम वेळेवर लाव. आणि पाण्यात घालू नकोस, फोड फुटतील.

तुझी,
भिंगरी


२७ जानेवारी

भिंगरे,

माझ्या हाताचं तुला कोणी सांगितलं?

मी लिहिलं नव्हतं. फोनवर तर मी बोलतच नाही, मला त्यात नुसती खरखर ऐकू येते. मग हे मलम कुठून आलं? कळव.

आता तुझ्या त्या पुस्तकाकडे वळते. साडेसातशे वर्षं जगतात म्हणून शंभरीपर्यंत लहान? इतकी वर्षं ती पोरं करतात काय? बाराखडी गिरवतात? आणि त्यांना पोसतं कोण? एखादी आई शंभर वर्षं पोराचं नाक पुसत बसली तर ती साडेसातशे कशाला जगेल, दोनशेतच जीव देईल. हे पुस्तक लिहिणाऱ्यानं एकही पोर वाढवलेलं नाही, लिहून घे.

आणि असं बघ. पुढे किती जगायचंय त्यावरून मागे किती जगली ते कमी कसं होतं? अडुसष्ट उन्हाळे तिच्या डोक्यावरून गेलेच की नाही? अडुसष्ट वर्षं तिला भूक लागली, ठेच लागली, माणसं मेली, खोटं बोलणारे भेटले. पुढे पावणेसातशे वर्षं शिल्लक आहेत म्हणून हे झालंच नाही का? उद्या डॉक्टरांनी असं औषध काढलं की मी तीनशे वर्षं जगेन, तर काय परवापासून मला झबलं घालणार?

आणि तू हो कळवलंस. आपल्या दोघींच्या वतीने! मी कधी दिली होती तुला माझी वत? माझा निम्मा वाटा आहे तिच्यात. धनुष्य माझ्या हातात आहे. आणि झाडाखालच्या घरात बसवायला ती काय कुंडी आहे?

आणखी एक. परवा दुकानात एक माणूस टेप घेऊन आला. मी एका वकिलाच्या पँटची रेघ धरत होते. माझ्याकडे न बघता त्यानं भिंत मोजली, दार मोजलं, वर इथे काचेचं कपाट बसेल का असं स्वतःलाच विचारलं. मी म्हटलं, "अरे शहाण्या, गाळा चुकलास." तर म्हणतो, "नाही आजी, नंबर बरोबर आहे, पुढच्या महिनाअखेरीसाठी मोजतोय." मी ओल्या फडक्यानं त्याला हाकलला. तुला यातलं काही माहीत आहे का? तुझा बाप विचारलं की नळ सोडून भांडी विसळायला लागतो. जन्मात कधी त्यानं भांडं विसळलं नव्हतं.

आजी


५ फेब्रुवारी

प्रिय आजी,

हाताचं बाबांनी सांगितलं, फोनवर. सहज बोलता बोलता. इतकंच. काळजी वाटणारच ना त्यांना.

टेपवाल्याचं मला काही माहीत नाही. मालकानं रंगरंगोटी काढली असेल. नाहीतर तो खरंच गाळा चुकला असेल. तू त्याचा विचार करू नकोस.

आता आनंदाची बातमी! मी पंचाच्या मागे लागले, लागले, लागले, आणि त्यानं तुझ्यासाठी खास सूट दिली आहे. जंगलात एक झरा आहे, त्याचं पाणी प्यायलं की वय एकदम वाढतं. तिखटनं एक ओंजळ प्यायली की ती शंभर वर्षांची, म्हणजे कायद्यानं मोठी! पुढच्या सभेत तिला मत देता येईल. या गडाच्या सभेत नाही, ती होऊन गेली, गड सोडायचं ठरलं. पण पुढची मोहीम खूप मोठी आहे, आजी. तुला नकाशा पाठवते आहे, मी रात्र जागून रंगवला. त्यात तुझं मन रमेल. रोज दुपारी जरा आडवी होत जा आणि नकाशा बघत जा. दुकानात इतकं उभं राहायची खरंच गरज नाही आता.

काय, पिणार ना पाणी?

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझा नकाशा मिळाला. नद्या छान रंगवल्या आहेस. घडी करून परत पाठवते आहे.

सोमवारी गाळ्याचा मालक आला. म्हणाला, "आजी, सामान कधी हलवताय?"

मी म्हटलं, "कुठे?"

"असं काय करता? महिनाअखेर गाळा मोकळा करून देतो, असं तुमच्या मुलानं लिहून दिलंय. केकवाल्याला शब्द दिलाय मी."

माझ्या हातात पांढरा शर्ट होता. आधी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, शर्ट हँगरला लावला, कारण शर्टानं कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. मग मालकाला म्हटलं, "तू जा. मला आधी घरी जायचंय."

जेवताना तुझ्या बापाला विचारलं. त्याची मान ताटात. म्हणाला, "आई, किती दिवस उभी राहणार आहेस?"

"पाय माझे आहेत. तुझे दुखतात का?"

"तुझ्याच भल्यासाठी केलं."

"मग माझ्या पाठीमागे का केलंस? चांगलं काम माणूस तोंडावर करतो."

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

"नसतं. म्हणून तर सांगायचं असतं."

तेव्हा तुझी आई हळूच म्हणाली, "सासूबाई, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही." मी तिला म्हटलं, "बाई गं, अडुसष्टाव्या वर्षी इथे बुद्धी पळून गेलेली असते आणि लांबकान्यांत ती अजून उगवायचीच असते. दोन्हीकडे निकाल एकच, की म्हातारीला विचारू नका." तिला काही कळलं नाही. तुझा बाप ओरडला, "लहान मुलासारखं करू नकोस!" सकाळी त्याच्या लेखी मी म्हातारी होते, जेवेपर्यंत लहान मूल झाले. मधलं वय कधी येऊन गेलं ते मला कोणी कळवलंच नाही. असतं ना ते? एखाद्या बाईला ते मिळालेलं तू बघितलंस का कुठे?

मग त्यानं हुकमाचा एक्का काढला. म्हणाला, "मी एकट्यानं नाही ठरवलं. भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, बरोबर आहे, दुकान बंदच करा. मी आजीचा खेळ चालू ठेवते, तिचं मन गुंतून राहील."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

म्हणजे हे सगळं खुळखुळा होतं? गड, पूल, नकाशा, झऱ्याचं पाणी? पाळण्यातल्या पोराला हातात काहीतरी द्यायचं आणि तोवर बाहेर घर विकून यायचं! आणि मी येडी इथे शर्टांच्या घड्या घालता घालता बाण कुठून मारायचा याचा विचार करत होते.

तुझ्या झऱ्याचं पाणी तूच पी. बत्तीस वर्षं एका ओंजळीत गिळायची? का म्हणून? ती वर्षं तिची आहेत, तिला एकेक करून खायची आहेत. तुमच्या सभेत खुर्ची मिळावी म्हणून ती फुकट जाळायची, आणि वर तुला म्हणायचं, बाई, उपकार झाले?

टेपवाल्याचं मला काही माहीत नाही, असं लिहिलंस. निळ्या शाईत, चांगल्या अक्षरात.

आता खरं काय ते लिही. लाडीगोडी नको.

आजी


२५ फेब्रुवारी

आजी,

हो. मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं.

पण आता मीही रागावले आहे, तेव्हा तूही ऐक.

जानेवारीत बाबांचा फोन आला. ते दुकानातून तुझा जेवणाचा रिकामा डबा न्यायला आले, तर जळका वास. तू टेबलाला टेकून उभी, डोळे मिटलेले, आणि इस्त्री तुझ्या डाव्या हातावर. तू झोपली होतीस, आजी! चटक्यानं जाग यायला किती वेळ लागला कोण जाणे. बाबांनी इस्त्री उचलली तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "शर्ट वाचला ना?"

मी इथे रोज भाजलेले हात बघते. पट्टी सोडताना माणसं कशी ओरडतात ते ऐकते. त्या रात्री वॉर्डातल्या प्रत्येकाच्या जागी मला तुझाच हात दिसत होता. बाबांनी विचारलं, दुकान बंद करू का? मी म्हटलं, करा. दुसरं काय म्हणणार होते? तुला विचारा, असं म्हणायला हवं होतं, हे मला कळतं. पण तू काय सांगितलं असतंस? तू तर मला सात-आठ पानं लिहिलीस आणि त्यात हाताचा एक शब्द नव्हता. बुटका दरीत पडला ते लिहिलंस. तू पडत होतीस ते नाही लिहिलंस. लपवाछपवी तू सुरू केलीस.

खेळ खुळखुळा नव्हता. तो बाबांनी मागाहून तसा केला, आणि मी करू दिला. तिखट माझी पण आहे. गड सोडायला हो म्हटलं ते ती मरू नये म्हणून. मी एकोणीस वर्षांची आहे. इथे सगळे मला पोर समजतात, घरी पण. पहिल्यांदा बाबांनी मला मोठी समजून काही विचारलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी हो म्हणून टाकलं. हे वाईट आहे, मला माहीत आहे.

माफ कर, असं लिहिलं तर तू म्हणशील लाडीगोडी. म्हणून नाही लिहीत.

भिंगरी


१४ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. लाडीगोडी नव्हती, ते बरं केलंस.

हो, उभ्या उभ्या डोळा लागला. हे खरं आहे. शर्ट वाचला ना, असं विचारलं तेही खरं. गिऱ्हाइकाचा होता, विचारायला नको?

पण लपवाछपवी मी सुरू केली म्हणतेस, तर नीट ऐक. मी लपवला तो माझा हात. तू लपवलंस ते माझं दुकान. दोन्ही एका मापात घालू नकोस. माझा हात भाजला तर कळ मला येते. दुकान गेलं तर कळ मलाच येते, आणि तुम्ही सगळे शांत झोपता. भीती तुम्हाला वाटत होती. ती घालवायला तुम्ही माझं काढून घेतलंत.

मी मालकाकडे गेले. दारातच म्हणाला, "आजी, मुलाला घेऊन या, मग बोलू."

"का? त्याच्या कडेवर बसून येऊ का?"

"तसं नाही हो. पण तुमचं आता वय..."

"वय मला माहीत आहे, मी तिथेच राहते. गाळा कोणाच्या नावावर भाड्यानं आहे?"

"तुमच्या."

"किल्ली कोणाकडे?"

"तुमच्याकडे. पण तुमच्या मुलानं लिहून दिलंय ना."

"मग त्याच्या नावावर जो गाळा आहे तो त्याच्याकडून मोकळा करून घे. मी काही लिहून दिलेलं नाही."

केकवाल्याला काय सांगू म्हणाला. मी म्हटलं, "खरं सांग. दुकानाच्या मालकिणीला न विचारता शब्द दिला होता, असं सांग." त्यावर त्याला हसू आलं आणि तिथेच तो हरला. वर्षभरानं बघू म्हणतोय. बघ म्हटलं, मीही बघीन.

आता दुकानाचं मी काय ठरवलं ते. उंच स्टूल घेतलं, बसून इस्त्री करते. कॉलर आणि बाह्या बसून नीट होतात, पडदे आणि चादरी होत नाहीत, म्हणून त्या घेणं बंद. जेवणानंतर डोळे जड होतात, म्हणून जेवणाआधी इस्त्री बंद, शटर खाली, घरी. हे मी ठरवलं. एखाद्यानं जानेवारीत समोर बसून विचारलं असतं, तर कदाचित तेव्हाच ठरवलं असतं, आणि इतकी पत्रं वाया गेली नसती. नाहीतर भांडले असते. भांडायचा हक्क होता माझा.

तुझा बाप बोलत नाही माझ्याशी. त्याचे शर्ट मात्र दुकानात टाकून जातो, तोंड फिरवून. मी करून देते, पण घडी उलटी घालते. त्याला ती आवडत नाही हे मला माहीत आहे.

एकोणीसची म्हणून तुला कोणी विचारत नाही, हे वाचून मला तुझ्या बापाचा आणखी राग आला. तुझाही आला. ज्याला कोणी विचारत नाही त्याला तरी कळायला हवं, न विचारणं काय असतं ते. पहिल्यांदा मोठी झालीस आणि पहिलं काम काय केलंस, तर मला लहान केलंस.

तेव्हा आता तिखटचं. यापुढे ती आपल्या दोघींची नाही. तू तुझी वेगळी बनव. वय तुला हवं ते घाल, केस हवे तसे रंगव, पण तिचं बोलणं आणि तिची मारामारी दोन्ही तुझ्याच अंगावर घे. मग समोर ये. तुझ्याशी मी खेळेन. तुझ्या मुठीत बसून नाही खेळणार.

पंचाला मी परस्पर पत्र टाकलं आहे. तिखट अडुसष्टचीच राहील, पाणी पिणार नाही. तिला पालक नको. गड ज्यांनी सोडला ते सोडून गेले, ती गेलेली नाही. दार आतून लावून ती वर बुरुजावर बसली आहे, आणि पुलावरून कोण येतं ते बघते आहे. बुटका परत आला तर त्याला आधी खालून हाक मारून विचारावं लागेल, आत येऊ का म्हणून.

यात तुझा निम्मा वाटा होता. तुला विचारलं नाही. हो कळवून टाकलं.

कसं वाटलं ते लिही.

आजी